मृगातला तेजोमेघ आणि तुमचा कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाबद्दल (वायू आणि धुळीचा चमकणारा ढग), म्हणजे एम ४२ बद्दल लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की यंदाच्या थंडीत याचा फोटो काढून बघा, अडलं तर विचारा. भरपूर पत्रं आणि मेल आले, वाचून फार बरं वाटलं. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. मोबाईलवर तेजोमेघ येतो का, की उगाच रात्र घालवायची? (बारामती)

येतो. लहानसा येतो पण येतो, आणि पहिल्यांदा स्वतःच्या स्क्रीनवर तो गुलाबी ठिपका दिसतो ना तेव्हा जो आनंद होतो तो पुढे मोठा कॅमेरा घेतल्यावरही तेवढाच राहतो. आधी जागा नीट ओळखा. मृगाच्या पोटातला बाण, म्हणजे एका ओळीतले तीन तारे, सगळ्यांना माहीत असतात. मृग डोक्यावर आला की त्या तिघांच्या खाली दक्षिणेकडे अजून एक बारीक ताऱ्यांची उभी ओळ लोंबताना दिसते, तिच्या मधला तारा जरा धुरकट वाटतो. तो तारा नाहीच, तोच तेजोमेघ. संध्याकाळी मृग उगवताना आडवा असतो तेव्हा ही ओळ बाणाच्या उजवीकडे असते, तिथे बरेच जण गोंधळतात.

मोबाईल हातात धरायचा नाही. ट्रायपॉड नसेल तर दोन विटांच्या मधे टेकवून ठेवा, ३ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. ॲस्ट्रो मोड असेल तर तो वापरा, नसेल तर प्रो मोडमधे आयएसओ १६००, शटर १० सेकंद, फोकस एकदम लांबवर. झूम करू नका, मेन कॅमेराच वापरा. आणि तुमच्या भागात एक अडचण खास आहे, मृगाचा सीझन आणि ऊसतोडीचा सीझन एकच, त्यामुळे पाचट पेटवलेलं असलं की क्षितिजापासून बऱ्याच वरपर्यंत धूर असतो आणि कारखान्याचे दिवे त्या धुरावर पसरतात. अशा दिवशी मृग नीट वर येईपर्यंत थांबा. जानेवारीच्या मध्यात तो रात्री साडेदहाच्या आसपास सगळ्यात उंच असतो, फेब्रुवारीच्या मध्यात साडेआठलाच.

डीएसएलआर आहे, ५५-२५० ची लेन्स आहे, ट्रायपॉड आहे. ट्रॅकर नाही आणि सध्या घेणं शक्यही नाही. मी ३० सेकंदांचा फोटो काढला तर सगळे तारे रेघा झाले. ट्रॅकरशिवाय एम ४२ होतो का? (बाणेर, पुणे)

होतो, आणि चांगला होतो. ट्रॅकर म्हणजे आकाशाबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र, त्याच्याशिवायही जमतं. हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय म्हणून याचं उत्तर लांबलचक देते.

रेघा का झाल्या ते आधी. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि मृगाचा पट्टा खगोलीय विषुववृत्तावरच आहे, म्हणजे आकाशाचा जो भाग सगळ्यात जोरात सरकतो नेमका तिथला फोटो आपण काढतोय. ५०० ला फोकल लेंग्थने भागलं की किती सेकंदांचं एक्स्पोजर चालेल ते मिळतं हा नियम तुम्ही कुठेतरी वाचला असेल, पण तो फिल्मच्या काळापासून चालत आलाय, आजच्या बारीक पिक्सेलना तो ढिला पडतो. मी ३०० धरते. तुमचा सेन्सर छोटा आहे तर २०० एमएमला आधी १.६ ने गुणा, ३२० झाले, ३०० भागिले ३२० म्हणजे जेमतेम १ सेकंद. एवढाच वेळ मिळतो. १ सेकंदातही तारा तुमच्या सेन्सरवर साधारण चार पिक्सेल सरकतो, पण ते पूर्ण फोटोत खटकत नाही.

आता १ सेकंदात काय येणार असं वाटेल. एका फोटोत काही येत नाही, खरंय. पण असे हजार फोटो काढायचे. हजार फोटो म्हणजे सोळा-सतरा मिनिटांचा प्रकाश, आणि तो सॉफ्टवेअरमधे एकावर एक ठेवून जोडायचा, यालाच स्टॅकिंग म्हणतात. यामागचं गणित सरळ आहे, तेजोमेघाचा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी येतो पण नॉईज, म्हणजे फोटोतले रवाळ ठिपके, दरवेळी वेगळ्या जागी येतो, त्यामुळे १०० फोटोंची सरासरी घेतली की नॉईज दहापट दबतो, ४०० ची घेतली की वीसपट. म्हणजे चौपट फोटो काढून दुप्पट फायदा. लेन्स महाग आहे की स्वस्त यापेक्षा तुम्ही त्या रात्री किती वेळ प्रकाश गोळा केला यावर फोटो ठरतो, हे मी जितक्या वेळा सांगेन तितकं कमी आहे. लोक पहिल्याच वर्षी दुर्बिणीवर पैसे घालतात आणि एकूण चार मिनिटांचा डेटा घेऊन घरी येतात.

सेटिंग सांगते. रॉ फॉरमॅटच, जेपेग नको. लेन्स २०० वर, अपर्चर जेवढं उघडेल तेवढं, आयएसओ १६०० किंवा ३२००. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन बंद करा, ट्रायपॉडवर ते चालू राहिलं तर लेन्स स्वतःच हलते. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉईज रिडक्शनही बंद. फोकस ऑटोवर होणार नाही, लाईव्ह व्ह्यूमधे १० पट झूम करून व्याधावर किंवा राजन्यावर हाताने फोकस करायचा, तारा जितका बारीक होईल तितका करायचा, आणि मग रिंगवर चिकटपट्टी लावून टाकायची. बाख्तिनोव मास्क मिळाला तर फारच सोपं जातं, जाळीसारखी प्लेट असते, लेन्ससमोर धरली की ताऱ्यातून तीन रेघा निघतात आणि मधली रेघ बरोबर मध्यावर आली की फोकस झाला. रात्र थंड होत जाते तसा फोकस सरकतो म्हणून तासा-दीड तासाने परत तपासा. आणि इंटरव्हलोमीटर, म्हणजे आपोआप एकामागून एक फोटो काढणारा रिमोट, घ्याच, साधा वायरवाला चालतो, हजार वेळा बोटाने बटण दाबणार नाही कोणी.

तेजोमेघ फ्रेममधून सरकत राहतो, ४ मिनिटांत १ अंश. २०० एमएमला तुमची फ्रेम साधारण सहा अंश रुंद आणि चार अंश उंच आहे त्यामुळे दर ४-५ मिनिटांनी कॅमेरा परत जागेवर आणायचा, सॉफ्टवेअर पुढचं जुळवून घेतं. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते, एंट्री लेव्हल कॅमेऱ्याच्या शटरचं आयुष्य साधारण लाखभर क्लिक धरतात, तेव्हा दर आठवड्याला हजार-दोन हजार क्लिक करणार असाल तर त्याचा हिशोब ठेवा. मिररलेस असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर वापरून हा प्रश्न सुटतो.

मग डार्क्स आणि फ्लॅट्स. डार्क्स म्हणजे लेन्सचं झाकण लावून त्याच सेटिंगवर, त्याच थंडीत काढलेले ३०-४० फोटो, सेन्सरचे गरम पिक्सेल ओळखायला. फ्लॅट्स म्हणजे लेन्सवर पांढरा स्वच्छ टी-शर्ट ताणून लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर किंवा पहाटेच्या उजळ आकाशाकडे धरून काढलेले फोटो, फोकसला अजिबात हात न लावता. सुरुवातीची दोन वर्षं मी फ्लॅट्स काढत नव्हते, कंटाळा यायचा पहाटे. मग एका रात्रीचा तीन तासांचा सुंदर डेटा हातात आला आणि त्यात बरोबर तेजोमेघाच्या पंखावर सेन्सरवरच्या धुळीचं गोल वर्तुळ होतं, ते काही केल्या निघालं नाही. तेव्हापासून फ्लॅट्स काढल्याशिवाय कॅमेरा बॅगेत ठेवत नाही.

अजून एक, दव. डिसेंबरात भंडारदऱ्याच्या बाजूला गेले होते तेव्हा सगळं लावून, इंटरव्हलोमीटर चालू करून शेकोटीजवळ बसले, दोन वाजता येऊन बघते तर लेन्सवर दवाचा पडदा आणि साडेअकरानंतरचे सगळे फोटो दुधी. तेव्हा लेन्सला यूएसबीवर चालणारी हीटरची पट्टी गुंडाळा, ती नसेल तर निदान हूड लावा आणि दर अर्ध्या तासाने टॉर्चच्या लाल उजेडात तिरकं बघून काच तपासा. पुसू नका, पुसलं की फोकस गेला.

मुलीला घेऊन वांगणीच्या आकाशदर्शनाला गेले होते. दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ बघितला तर राखाडी, थोडासा हिरवट धूर दिसला. फोटोंमधे तर लाल, गुलाबी, निळा असतो. मुलगी म्हणाली आई फोटो खोटे असतात. मला उत्तर देता आलं नाही. (ठाणे)

मुलीला सांगा की तिने बघितलं तेही खरं आणि फोटोतलं तेही खरं.

अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, फक्त उजेड कळतो, आणि त्या सगळ्यात जास्त जागरूक असतात ५०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्या प्रकाशाला. मृगातल्या तेजोमेघात ऑक्सिजन आहे आणि तो नेमका ५००.७ नॅनोमीटरला चमकतो, म्हणून मोठ्या दुर्बिणीतून हिरवट झाक दिसते, मुलीचे डोळे चांगले आहेत. तेजोमेघातला हायड्रोजन मात्र ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल रंगात चमकतो आणि त्या लालला या पेशी जवळजवळ आंधळ्या आहेत. कॅमेऱ्याला ही अडचण नाही, तो प्रकाश साठवत बसतो.

या हिरव्या रंगाची गोष्ट मुलीला आवडेल. १८६४ मधे विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटात पसरवून बघितला तर त्यात हिरव्या रेषा निघाल्या आणि त्या पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात. नवीनच मूलद्रव्य असेल असं वाटून त्याला नेब्युलियम असं नावही पडलं. साठ-एक वर्षं ते कोडं राहिलं, १९२७ मधे आयरा बोवेन यांनी दाखवलं की हा आपला ऑक्सिजनच, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, आणि इतका विरळ की पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तशी अवस्था सहज मिळत नाही. तिने वांगणीला बघितलेला हिरवा म्हणजे तोच प्रकाश, १३०० पेक्षा जास्त वर्षं प्रवास करून आलेला.

याच तेजोमेघाचा फोटो हा जगातला तेजोमेघाचा पहिला फोटो. ३० सप्टेंबर १८८० ला हेन्री ड्रेपर यांनी न्यूयॉर्कजवळ ११ इंची दुर्बिणीतून ५१ मिनिटांचं एक्स्पोजर देऊन तो काढला. ड्रेपर पेशाने डॉक्टर. तीनच वर्षांनी इंग्लंडमधे अँड्रयू कॉमन यांनी ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत डोळ्याला दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे आले, आणि कॅमेरा डोळ्यापेक्षा जास्त बघतो हे लोकांना पटलं. कॉमनही व्यवसायाने इंजिनीयर, हौस म्हणून आकाश बघणारे. म्हणजे या कामाची सुरुवातच हौशी लोकांनी केलीये, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता काही फोटोंमधे रंग मुद्दाम वेगळे दिलेले असतात हेही तिला सांगा. १९९५ चा हबलचा एम १६ मधल्या खांबांचा फोटो सगळ्यांनी बघितलाय, त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा दिलाय, कारण गंधक आणि हायड्रोजन दोन्ही मुळात लालच आहेत आणि नाहीतर वेगळे दिसलेच नसते. ते खोटं नाही, तो नकाशा आहे. माझं मत एवढंच की फोटोखाली स्पष्ट लिहावं की रंग नैसर्गिक आहेत की नेमून दिलेले. आणि जे प्रकाशातून आलं नाही ते सॉफ्टवेअरला सांगून फोटोत घालू नये, मग तो फोटो कितीही छान दिसो.

ट्रॅकर घेतला. ध्रुवतारा पोलर स्कोपमधे बसवतो तरी १३५ एमएमवर २ मिनिटांत तारे लांबट होतात. शिवाय गच्चीवरून उत्तरेला समोरची बिल्डिंग आडवी येते, ध्रुवतारा दिसतच नाही. (कोल्हापूर)

कोल्हापुरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम पावणेसतरा अंश वर असतो, जेवढे आपले अक्षांश तेवढीच त्याची उंची. युरोपातले लोक व्हिडिओत सांगतात की ध्रुवतारा बघा आणि लावा, तिथे तो पन्नास अंशांवर असतो, आपल्याकडे झाड, बिल्डिंग, धूर काहीही आड येतं. आणि ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त लांब आहे, त्यामुळे तो पोलर स्कोपच्या, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखायच्या छोट्या दुर्बिणीच्या, मधोमध ठेवत असाल तर तीच चूक होते, अ‍ॅपमधे त्या वेळेला तो वर्तुळावर कुठे हवा ते बघून तिथे ठेवायचा. मधोमध ठेवला तर २ मिनिटांत तारा तीन-एक पिक्सेल वाहतो, तुमचे लांबट तारे बहुतेक तेच आहेत.

ध्रुवतारा दिसतच नसेल तर ड्रिफ्टची जुनी पद्धत वापरा, मला स्वतःला ती आवडते. होकायंत्राने उत्तर लावा, आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यात एका अंशाचाही फरक नाही, फक्त लोखंडी कठड्यापासून लांब उभं राहून बघा. उंची अक्षांशाएवढी लावा. मग मृगाच्या बाणातला सगळ्यात वरचा तारा मिंटाका घ्या, तो बरोबर खगोलीय विषुववृत्ताच्या जवळ आहे म्हणून या कामाला उत्तम. तो दक्षिणोत्तर रेषेवर असताना कॅमेऱ्यात मोठा करून बघत राहा. तो दक्षिणेकडे वाहत असेल तर तुमचा अक्ष जास्त पूर्वेला गेलाय, उत्तरेकडे वाहत असेल तर पश्चिमेला. ते जुळलं की पूर्वेला खाली असलेला एखादा तारा घ्या, तो दक्षिणेकडे वाहिला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे वाहिला तर वर. अर्धा तास जातो पहिल्यांदा, नंतर सवयीने दहा-पंधरा मिनिटांत होतं. लॅपटॉप नेत असाल तर नीना नावाचं फुकट सॉफ्टवेअर आकाशाच्या तीन ठिकाणांचे फोटो काढून हेच काम करून देतं, त्यालाही ध्रुवतारा दिसायची गरज नाही.

तरीही लांबट आले तर बॉलहेड ढिला आहे का, गच्चीवर शेजारी कोणी चालतंय का ते बघा. आणि २ मिनिटांचा हट्ट कशाला, १ मिनिटाचे दुप्पट काढा.

सिरिल सॉफ्टवेअरमधे स्टॅक केलं, पण आउटपुट पूर्ण काळं आलं, फक्त काही तारे. तीन रात्रींची मेहनत वाया गेली का? (विद्यार्थिनी, सातारा)

नाही गं, काहीही वाया गेलेलं नाही. स्टॅक केलेली फाईल अशीच काळी दिसते. सगळा तेजोमेघ त्या काळ्याच्या अगदी डाव्या टोकाला, हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजेडाच्या आलेखाच्या, त्या बारीक सुळक्यात दबलेला असतो. सिरिलमधे खाली डिस्प्लेचा मोड लिनिअरवरून ऑटोस्ट्रेचवर कर, लगेच दिसेल. पण तो फक्त दाखवण्यापुरता असतो, फाईल तशीच राहते. आधी कडा काप, मग बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन करून शहराच्या उजेडाचा केशरी उतार काढ, मग कलर कॅलिब्रेशन, आणि त्यानंतर स्ट्रेच, म्हणजे दबलेला उजेड वर ओढणं, तेही एका झटक्यात नाही, हळूहळू चार-पाच वेळा. आकाश ठार काळं करू नकोस, गडद करडं ठेव, तेजोमेघाच्या बाहेरची बारीक धूळ त्या करड्यातच असते आणि लोक तीच घालवून बसतात.

एम ४२ ची एक खोड अशी की मधला भाग इतका तेजस्वी आहे की बाहेरचे पंख दिसेपर्यंत स्ट्रेच केलं की मधे पांढरा डाग होतो आणि तिथले ट्रॅपेझियम नावाचे चार तारे गायब. त्यासाठी मुद्दाम कमी वेळाचे वेगळे फोटो काढायचे. ट्रॅकर असेल तर २ मिनिटांचे, ३० सेकंदांचे आणि ५ सेकंदांचे असे तीन संच काढ, वेगवेगळे स्टॅक कर आणि जिम्प या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधे मास्क लावून मधल्या भागात छोट्या एक्स्पोजरचा फोटो बसव. त्या चारमधला सगळ्यात मोठा तारा, थीटा वन सी, हाच मुख्यतः सगळ्या तेजोमेघाला पेटवतोय, त्याच्या अतिनील प्रकाशामुळे, तेव्हा तो फोटोत दिसायलाच हवा असं मला वाटतं.

नागपुरात गच्चीवरून करू की बाहेर जाऊ? रिटायर झालोय, रात्री गाडी चालवणं जमतं पण रोज नाही. (नागपूर)

काका, दोन्ही करा, पण गणित समजून. शहराचं आकाश काळोख्या गावापेक्षा ३ प्रतींनी (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप) जास्त उजळ असेल तर तेवढाच स्वच्छ फोटो यायला साधारण १६ पट वेळ लागतो. गावातला १ तास म्हणजे गच्चीवरचे १६ तास. रिटायर झालेल्या माणसाकडे गच्चीवरचे १६ तास असू शकतात, हा मोठा फायदा आहे, रोज दोन तास करून आठ-नऊ रात्रींत होतात. गच्चीवर ड्युअल नॅरोबँड फिल्टर उपयोगी पडतो, तो फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा प्रकाश आत सोडतो. जुने लाईट पोल्युशन फिल्टर घेऊ नका, ते पिवळ्या सोडियम दिव्यांसाठी होते, आता सगळीकडे एलईडी आलेत आणि एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो. कृत्तिकेभोवतीच्या निळ्या धुळीला मात्र हा फिल्टर चालत नाही, ती ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करते, त्यासाठी काळोखच हवा.

आणि काळोखासाठी तुम्ही फार नशीबवान आहात. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मधे भारतातला पहिला डार्क स्काय पार्क म्हणून जाहीर झाला, तुमच्यापासून दोन तासांच्या आत. अमावस्येच्या आगेमागे ४-५ दिवस कालनिर्णयात खूण करून ठेवा, वनखात्याकडे आधी विचारा, आणि एकटे जाऊ नका.

हे सगळ्यांसाठीच लिहिते. गावाबाहेर माळावर रात्री ट्रायपॉड लावून बसणार असाल तर गावातल्या पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना संध्याकाळीच भेटून सांगा, अंधारात लाल टॉर्च घेऊन फिरणारी अनोळखी माणसं बघून कोणीही घाबरेल. आम्ही तर पाच-सहा जणांना थांबवून दुर्बिणीतून शनी दाखवतो, मग पुढच्या वेळी तेच लोक हायमास्ट थोडा वेळ बंद करता येतो का ते बघतात. जुन्नर, नारायणगावच्या बाजूला उसाच्या कडेला बसू नका, बिबट्या तिथे रोजचा आहे. हिरवा लेसर विमानाच्या दिशेने कधीही नको.

गोव्यातून दक्षिणेकडचे तेजोमेघ मिळतात का? (मडगाव)

मिळतात, आणि एक असा मिळतो जो लंडनमधल्या माणसाला घरून कधीच दिसत नाही. कॅरिना तेजोमेघ, मृगातल्यापेक्षा आकाशात कितीतरी मोठा, साधारण ७५०० प्रकाशवर्षं लांब. याच्यातला ईटा कॅरिनी तारा १८४३ च्या सुमारास इतका भडकला होता की व्याधाखालोखाल तेजस्वी झाला होता. तुमच्याकडून तो जास्तीत जास्त १५ अंश वर येतो, त्रिशंकूच्या उजवीकडे. समुद्रावरून थेट दक्षिण बघता येईल असं टोक शोधा. एप्रिलच्या सुरुवातीला साडेदहा-पावणेअकराला, मेच्या सुरुवातीला पावणेनऊलाच तो सगळ्यात उंच असतो. इतक्या खाली हवा जाड असते, दमट असते, तारे थरथरतात, त्यामुळे लांब लेन्स नको, ८५ किंवा १३५ एमएम घ्या.

वृश्चिक आणि धनु राशीतले तेजोमेघही आपल्याकडे छान वर येतात, एम ८ तर पुण्यातून ४७ अंशांपर्यंत. पण ते संध्याकाळी वर येतात जुलै-ऑगस्टमधे आणि तेव्हा ढग. म्हणून आपल्याकडच्या माणसाने एप्रिल-मेमधे मध्यरात्रीनंतर उठायचं, दुसरा इलाज नाही.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी आली. (रत्नागिरी)

सुरुवातीची असेल तर चांगल्या दुरुस्तीवाल्याकडून साफ होते, काचेचं कोटिंग खाल्लं असेल तर नाही. पुढच्या जूनच्या आधी हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परत सुकवायचं. चामड्याच्या किंवा कापडी केसमधे लेन्स ठेवू नका, ओल तिथेच धरते.

मी आठवीत आहे. एवढे मोठे टेलिस्कोप असताना आपण फोटो काढून काय उपयोग? आपल्याला काही नवीन सापडू शकतं का? (नाशिक)

सापडू शकतं, आणि मृगातच सापडलंय. जानेवारी २००४ मधे अमेरिकेत केंटकी राज्यात जे मॅकनील नावाच्या हौशी निरीक्षकाने आपल्या घराच्या अंगणातून ३ इंची दुर्बिणीने एम ७८ च्या भागाचा फोटो काढला. एम ७८ हा पण मृगातलाच, बाणाच्या पूर्वेकडच्या ताऱ्याच्या थोडा वर. फोटो तयार करताना त्यांना एक छोटा पंख्यासारखा डाग दिसला जो नकाशात नव्हता. एक अगदी तरुण, धुळीत लपलेला तारा अचानक उजळला होता आणि त्याने आजूबाजूची धूळ उजळवली होती. त्याला आता मॅकनीलचा तेजोमेघ म्हणतात. तो नंतर मंद झाला, परत उजळला, परत मंद झाला. मोठे टेलिस्कोप रोज प्रत्येक कोपरा बघत नाहीत, त्यांचा वेळ वाटून दिलेला असतो.

तुझ्याकडे ट्रॅकर नसला तरी आत्तापासून एक कर. दर थंडीत एकाच लेन्सने, एकाच सेटिंगवर मृगाचा फोटो काढ, आणि फाईलच्या नावात तारीख आणि वेळ लिही. काक्षी, तो वरचा तांबडा तारा, शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत किती तेजस्वी दिसतो ते वहीत मांडत जा. २०१९ च्या शेवटी आणि २०२० च्या सुरुवातीला तो डोळ्यांनीही कळेल इतका मंद झाला होता, आणि ज्यांच्याकडे आधीच्या वर्षांचे फोटो होते त्यांना तो शेजारी ठेवून लगेच दाखवता आला. पहिला फोटो झाला की इकडे पाठव, पुढच्या अंकात छापू.